यूष, कढण आणि सूप

इतिहास म्हटला कीं राजे, तह आणि लढाया डोळ्यांपुढें उभ्या राहतात. चुलीवरच्या पातेल्यास त्यांत सहसा जागा मिळत नाहीं. वस्तुतः लढाई वर्षानुवर्षांत एखादे वेळीं होते, पातेलें मात्र दिवसांतून दोनदां चुलीवर चढतें. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडींत संध्याकाळच्या वेळीं घरोघर जें कांहीं ऊन-ऊन आणि पातळ शिजत असतें, त्याला कोणी सार म्हणतात, कोणी कढण, कोणी माडगें, आणि अलीकडे बहुतेक जण सूप म्हणतात. त्यांत मांस नसलें म्हणजे त्याकडे पाहण्याची आपल्या सुशिक्षित वर्गाची एक ठराविक दृष्टि आहे. खरें सूप तें मांसाचें किंवा हाडांचें. बाकी सगळी त्याची गरिबाघरची नक्कल, असा हा समज. मांसाहारी मनुष्य तो अभिमानानें बोलून दाखवितो आणि शाकाहारी मनुष्य तो संकोचानें मान्य करितो. हा समज इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरतो, तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. कोणीं काय खावें आणि काय खाऊं नये, या वादांत आम्ही शिरत नाहीं. पातेल्यांतील पाण्याला अन्नाची योग्यता कशानें येते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आरंभ शब्दापासून करूं. आपल्या वैद्यकांत कडधान्य पाण्यांत शिजवून काढलेल्या रसास ‘यूष’ म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील १६२ व्या सूक्तांत, अश्वमेधाच्या अश्वाचें मांस शिजविण्याच्या वर्णनांत, तो आलेला आहे. तेथें त्याचा अर्थ उघडच मांसाचा रस असा आहे, आणि तो रस ओतण्याच्या पात्रांचाही उल्लेख आहे. या शब्दाचीं भावंडें दूरदूरच्या भाषांत सांपडतात. लॅटिन भाषेंत ‘यूस्’ म्हणजे रस्सा; तोच फ्रेंच भाषेच्या वाटेनें इंग्रजींत जाऊन ‘ज्यूस’ झाला. रशियन लोक माशांच्या सुपाला ‘उखा’ म्हणतात, त्याचेंही मूळ हेंच. उत्तर हिंदुस्थानांत आजाऱ्याला मुगाचा ‘जूस’ देतात. तो इंग्रजीवरून आला असें कोणास वाटेल. परंतु तो आपल्या यूषाचाच अपभ्रंश आहे, आणि इंग्रजी ज्यूस हा त्याचा चुलतभाऊ आहे.

आतां मौज अशी कीं, मांसाच्या रश्श्याचें नांव घेऊन जन्मलेला हा शब्द पुढें आपल्या देशांत मांसापासून वेगळा झाला. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत मांसाच्या रसास ‘मांसरस’, किंवा नुसतें ‘रस’, असें निराळें नांव आहे, आणि यूष हा शब्द मुख्यत्वें मूग, कुळीथ, मसूर इत्यादि शिंबीधान्यांच्या रसास लावलेला आहे. वमन-विरेचनादि शोधनानंतर रोग्याला क्रमाक्रमानें अन्नावर आणावयाचें, त्याची पायरी चरकानें ठरवून दिली आहे: प्रथम पेया, मग विलेपी, मग ‘अकृत’ यूष, मग ‘कृत’ यूष, आणि शेवटीं मांसरस. तेल-तूप, मीठ व मसाला यांवांचून केलेला तो अकृत, आणि या पदार्थांनीं संस्कारिलेला तो कृत. हीच परिभाषा पाली वाङ्मयांतही आढळते. विनयपिटकाच्या महावग्गांत आजारी भिक्षूसाठीं अनुज्ञा दिलेल्या पेयांमध्यें ‘अकटयूस’ आणि ‘कटाकट’ हीं नांवें आहेत. तेव्हां ही विभागणी केवळ एका पोथींतील नसून वैद्यांच्या रोजच्या व्यवहारांतली होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यूष किती पातळ असे? सोळाव्या शतकांतील भावमिश्रानें आपल्या भावप्रकाशांत प्रमाण सांगितलें आहे: शिंबीधान्य अठरापट पाण्यांत शिजवून जो रस होतो, आणि जो पेयेपेक्षां किंचित् दाट असतो, तो यूष. हें प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें आपल्याला त्याचें काम पडणार आहे.

येथें ‘सूप’ या शब्दाचाही झाडा घेतला पाहिजे, कारण त्यानें पुष्कळांची फसगत होते. संस्कृतांत सूप म्हणजे शिजविलेली डाळ, वरण. म्हणूनच आचाऱ्याला सूपकार म्हणत. रामचंद्र सखाराम गुप्ते यांनीं १८७५ सालीं मराठींत जें पाकपुस्तक प्रसिद्ध केलें, त्याचें ‘सूपशास्त्र’ हें नांव याच अर्थानें आहे. इंग्रजी सूप मात्र निराळ्या कुळांतला आहे. युरोपांत त्याचा मूळ अर्थ रश्श्यांत भिजविलेला पावाचा तुकडा असा होता. तुकड्याचें नांव पुढें रश्श्यालाच मिळालें. दोन्ही शब्दांचें रूप एक असलें तरी त्यांचें नातें सिद्ध झालेलें नाहीं. पण एक गोष्ट दोन्हींकडे सारखीच आहे: नुसत्या पाण्यास सूप हें नांव कोणींच दिलें नव्हतें. आपल्याकडे तें डाळीला मिळालें, त्यांच्याकडे पावाला.

आतां थंडीकडे वळूं. चरकानें सूत्रस्थानाच्या सहाव्या अध्यायांत हेमंत ऋतूचा आहार सांगितला आहे. बाहेरच्या शीतामुळें शरीरांतील ऊष्मा आंत कोंडला जाऊन जठराग्नि प्रबळ होतो. त्याला पुरेसें इंधन मिळालें नाहीं तर तो शरीरांतील रसालाच जाळूं लागतो, असें त्याचें म्हणणें. म्हणून त्यानें हेमंतासाठीं स्निग्ध मांसरस, दूध, उसाचे पदार्थ, तेल, नवा भात आणि ऊन पाणी यांची शिफारस केली आहे. मांस वर्ज्य असलेल्या घराला या यादींतील पहिलीच ओळ ओलांडून पुढें जावें लागे. बरें, तिच्या जागीं यूष घ्यावा, तर तो पडला रोग्याचा आहार. अठरापट पाण्यांत शिजविलेले मूग अशक्त पोटाला मानवतील. पण भल्या पहाटे मोट धरून आलेल्या गड्याला त्यानें काय होणार? ज्या घरांना मांस परवडत नसे, त्यांचीही अडचण नेमकी हीच होती. धर्मानें सोडलेलें आणि दारिद्र्यानें सुटलेलें, दोन्हींचा परिणाम पातेल्यांत एकच.

ही अडचण कोणा ग्रंथकारानें सोडविल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. ती सोडविली घरांतल्या बायांनीं. वैद्य यूष गाळून घेई आणि चोथा बाजूला टाकी. बायांनीं तो टाकला नाहीं. देशावर हुलगे भाजून, दळून, त्या पिठाचें माडगें करितात. कोणी जिरें-लसूण घालून तिखट करितात, कोणी गूळ घालून गोड. कोंकणांत हेंच धान्य कुळीथ या नांवानें ओळखतात, आणि तेथें कुळथाच्या पिठाची पिठी ऊन भाताबरोबर जेवतात. कुळीथ शिजवून, घोटून केलेलें कढण दोन्हींकडे आहे. ‘कढण’ या शब्दाची व्युत्पत्तिही बोधक आहे: संस्कृत ‘क्वथ्’, प्राकृत ‘कढ’, त्यावरून आपलें कढणें, कढी, कढण, आणि क्वाथापासून काढा. म्हणजे औषध आणि आमटी एकाच धातूच्या पोटचीं. हुलगा हलक्या जमिनींत, थोड्या पावसावर येणारें धान्य आहे. चरकानें त्याला उष्ण आणि कास-श्वासावर हितकर म्हटलें आहे. थंडी आणि गरिबी या दोहोंना पुरून उरणारें धान्य हवें असेल तर याहून सोईचें क्वचितच सांपडेल.

अर्वाचीन आहारशास्त्र या व्यवस्थेस दुजोरा देतें. सुक्या कडधान्यांत वजनाच्या सुमारें पंचमांश किंवा त्याहून थोडें अधिक प्रथिन असतें. ज्वारी-बाजरी व तांदूळ यांच्या प्रथिनांत लायसिन नांवाचें अमिनो-आम्ल कमी पडतें, तें कडधान्यांत भरपूर असतें. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी असतें, तें धान्यें भरून काढितात. माडग्याबरोबर भाकरी आणि पिठीबरोबर भात ही जोडी जमविणाऱ्यांना हीं नांवें ठाऊक नव्हतीं, पण जोडी त्यांनीं बरोबर जमविली. सणाच्या दिवशीं पुरणाची डाळ शिजवून उरलेलें पाणी, म्हणजे कट, फेंकून न देतां त्याची आमटी करणें हेंही त्याच बुद्धीचें फळ. त्यांत थोडें पुरण कालविल्यावांचून त्या आमटीला अंग येत नाहीं, हें प्रत्येक सुगरणीस माहीत असतें.

यूष या शब्दानें जसें मांस टाकलें, तसें दुसऱ्या एका शब्दानें तें जवळ केलें. तामिळ भाषेंत ‘मिळगु-तण्णीर’ म्हणजे मिऱ्याचें पाणी. मद्रासकडील इंग्रजांना तें आवडलें. त्यांनीं त्याला ‘मलिगाटॉनी’ केलें आणि त्यांत कोंबडी किंवा मटण घातलें. अठराव्या शतकाच्या अखेरीस हें नांव इंग्रजींत रुळलेलें दिसतें, आणि मद्रास इलाख्यांतल्या इंग्रजांना तर त्यावरून ‘मल्’ असें टोपणनांवच पडलें. आज विलायती पाकपुस्तकांत हें हिंदुस्थानचें सूप म्हणून मिरवतें. मूळ पदार्थ निर्मांस आणि नक्कल समांस, असा हा प्रकार आहे. निर्मांस सूप म्हणजे समांस सुपाची नक्कल, असें सरसकट म्हणणारांनीं याचा विचार करावा.

पण एवढ्यानें आमचा प्रश्न सुटत नाहीं. मांसाशिवाय सूप होऊं शकतें हें ठरलें. तें मनुष्याला थंडीभर पोसूं शकतें काय? या प्रश्नाची मोठ्या प्रमाणावर परीक्षा झाली ती युरोपांत, म्यूनिक शहरीं. तेथें बव्हेरियाच्या इलेक्टराच्या पदरीं बेंजामिन टॉमसन नांवाचा गृहस्थ होता. तो अमेरिकेंत मॅसाच्युसेट्स प्रांतीं १७५३ सालीं जन्मला, आणि पुढें काउंट रम्फर्ड या नांवानें प्रसिद्धीस आला. तोफेचें भोंक पाडतांना निघणाऱ्या उष्णतेवरून, उष्णता हा पदार्थ नसून गति आहे असें प्रतिपादणारा तो हाच. १ जानेवारी १७९० रोजीं, ऐन हिंवाळ्यांत, त्यानें शहरांतील भिकाऱ्यांना एकत्र करून उद्योगगृहांत नेलें. तेथें त्यांस काम, ऊब आणि ऊन अन्न दिलें. लोक आधीं सद्गुणी होतील आणि मग सुखी होतील, या सर्वमान्य मताविरुद्ध त्याचें म्हणणें असें होतें कीं, त्यांना आधीं सुखी करून पाहावें, सद्गुण मागाहून येतील. या गृहांतील मुख्य अन्न म्हणजे रम्फर्डचें सूप. सोललेला जव, वाटाणे, बटाटे, पावाचे तुकडे, व्हिनेगर, मीठ आणि पाणी, एवढेंच त्यांत असे. मांस मुळींच नाहीं.

त्याची कृति त्यानें सविस्तर लिहून ठेवली आहे. जव आधीं शिजावयास घालावे, मग वाटाणे घालून मंद आंचेवर सुमारें दोन तास कढूं द्यावें, मग सोललेले बटाटे घालून आणखी एक तास ढवळीत राहावें, म्हणजे सर्व एकजीव होतें. व्हिनेगर आणि मीठ अखेरीस, आणि पावाचे तुकडे तर अगदीं वाढतेवेळीं, कारण ते चावावे लागले म्हणजे जेवणाचा आनंद लांबतो. बव्हेरियन लोकांचा त्या काळीं बटाट्यावर राग होता. म्हणून प्रथम ते दृष्टीआड शिजवून, त्यांचा लगदा करून सुपांत मिसळावे लागले, आणि सूप पूर्वीपेक्षां बरें झालें असें लोक म्हणूं लागल्यावरच गुपित फोडण्यांत आलें. १७९६ पासून रम्फर्डचे निबंध लंडनमध्यें प्रसिद्ध होऊं लागले, आणि महागाईच्या त्या वर्षांत इंग्लंड, फ्रान्स व स्वित्झर्लंड या देशांतही अशा सुपाचीं केंद्रें निघालीं.

रम्फर्डचा अनुभव बरोबर होता, उपपत्ति मात्र चुकीची होती. एवढ्या थोड्या धान्यांत माणूस तृप्त होतो हें पाहून त्यानें असें अनुमान केलें कीं, दीर्घ काळ कढण्यानें पाणी स्वतःच अन्न बनतें. पाणी अन्न होत नाहीं. त्याच्या सुपांत पोषण होतें तें जव, वाटाणे आणि पाव यांचें. कढण्यानें जवांतील पिष्ट फुलून दाटपणा येई आणि पोट भरल्याचा प्रत्यय येई, इतकेंच. हा भेद किरकोळ नाहीं. पाणीच पोसतें असें एकदां म्हटलें, म्हणजे धान्य कमी करून पाणी वाढविण्यास कोणाचा हात थरथरणार नाहीं.

त्याचा अनुभव आयर्लंडनें घेतला. बटाट्याच्या रोगानें पडलेल्या दुष्काळांत, १८४७ सालीं, लंडनच्या रिफॉर्म क्लबाचा नामांकित आचारी अलेक्सी सोयर यास सरकारनें डब्लिनला पाठविलें. त्याच्या स्वस्त सुपांत मांस होतें, पण किती? दोन गॅलन पाण्यास पाव पौंड! जोडीला थोडें पीठ, थोडे जव आणि कांहीं भाज्या. डॉक्टरांनीं त्या वेळींच आक्षेप घेतला कीं, एवढ्यावर मनुष्य जगणार नाहीं. त्या उन्हाळ्यांत सरकारी स्वयंपाकगृहांतून दिवसाला तीस लाखांवर माणसें जेवत होतीं, हें खरें. त्यामुळें असंख्य जीव वांचले, हेंही खरें. आणि शरद् ऋतूंत दुष्काळ चालू असतांच तीं स्वयंपाकगृहें बंद करण्यांत आलीं, हें तर सर्वांत खेदाचें. पण सोयरच्या पातेल्यानें एक गोष्ट शिकविली: सुपांत मांस असलें म्हणजे तें पौष्टिक होतेंच, असें नाहीं.

हाडांच्या सुपाचीही परीक्षा याच शतकांत झाली. फ्रेंच शास्त्रज्ञ देनी पापँ यानें १६७९ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाफेच्या दाबाचें एक बंद पातेलें मांडलें होतें. हाडें मऊ करून गरिबांस स्वस्त अन्न पुरवावें हा त्याचा एक उद्देश. पुढें पॅरिसच्या इस्पितळांत हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचें सूप मोठ्या आशेनें देण्यांत आलें. त्याविषयीं वाद माजल्यावर फ्रेंच विज्ञान अकादमीनें शरीरशास्त्रज्ञ माझाँदी याच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमिली. १८४१ सालच्या अहवालानें निर्णय दिला कीं, केवळ जिलेटिनवर प्राणी जगत नाहीं. लीबिख या जर्मन रसायनज्ञाच्या नांवानें निघालेल्या मांसाच्या अर्काचीही तीच गत झाली. तो रुचि आणि हुशारी देणारा ठरला, पोसणारा ठरला नाहीं.

आणि कडधान्याचें काय झालें? स्वित्झर्लंडमध्यें गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना स्वयंपाकास वेळ मिळेना आणि त्यांच्या कुटुंबांची आबाळ होऊं लागली, तेव्हां तेथील एका लोकहितकारी संस्थेच्या आणि डॉक्टर शूलर या कारखाना-निरीक्षकाच्या प्रेरणेनें एका पीठगिरणीवाल्यानें झटपट शिजणारीं कडधान्यांचीं पिठें तयार केलीं, आणि १८८६ सालीं वाटाणा व घेवडा यांचीं तयार सुपें बाजारांत आणलीं. त्या गिरणीवाल्याचें नांव यूलिउस मागी. आज ज्या ‘मॅगी’चें नांव आपल्याकडील पोरासोरांच्या तोंडीं आहे, तिचा जन्म शेवयांत नसून डाळीच्या सुपांत झाला, हें किती जणांस ठाऊक असेल? आपल्या बायांनीं भाजलेल्या हुलग्याचें पीठ डब्यांत भरून ठेवावें आणि आयत्या वेळीं पाण्यांत कालवून माडगें करावें, तीच ही युक्ति. मात्र इकडे तिला कारखाना लाभला नाहीं.

एवढ्या इतिहासावरून घरच्या पातेल्यास लागू पडणारे दोनतीन नियम सहज निघतात. पहिला, पाणी बेताचें: भावमिश्राचें अठरापट प्रमाण आजाऱ्यासाठीं ठेवावें, धडधाकट माणसाच्या हिंवाळी कढणास सहा-सातपट पुरे. रात्रीं भिजविलेले कुळीथ किंवा मूग मऊ शिजवून, घोटून, चोथ्यासकट घ्यावे. दुसरा, आंबट शेवटीं: आम्लामुळें कडधान्याच्या पेशींना धरून ठेवणारें पेक्टिन विरघळत नाहीं आणि दाणा टणक राहतो. रम्फर्ड व्हिनेगर अखेरीस घाली आणि आपल्याकडे आमसूल मागाहून टाकितात, याचें कारण हेंच. तिसरा, स्नेह विसरूं नये: चरकानें सांगितलेल्या स्निग्धतेची जागा तुपाच्या फोडणीनें भरून निघते, जिरें, ठेंचलेली लसूण आणि मिरपूड तिच्या सोबतीला. बरोबर भाकरी अथवा भात असलाच पाहिजे. पापँचें यंत्र आतां प्रेशर कुकर होऊन घरोघर शिट्या देत आहे. हाडांसाठीं निघालेलें तें भांडें आपल्याकडे मुख्यतः डाळ शिजवीत आहे.

मांसावांचून केलेलें सूप ही कोणाची नक्कल नव्हे, हें आतां निराळें सांगावयास नको. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पातळ पदार्थांत लबाडी करणें फार सोपें असतें. भाकरी अर्धी दिली तर ती अर्धी दिसते. कढणांत तांब्याभर पाणी वाढविलें तर वाटी भरलेलीच दिसते. आयर्लंडांत सरकारनें जें केलें, तें आपल्या घरांतही लहान प्रमाणावर होत आलें आहे. पातेल्याच्या तळाशीं बसलेला दाटपणा आधीं बसलेल्या पंगतीला जातो, आणि शेवटीं जेवणाऱ्या बायामाणसांसाठीं वाढीव पाण्याला पुन्हां एक कढ दिला जातो. थंडी मात्र सर्वांना सारखीच वाजते. म्हणून शेकडों वर्षांच्या या इतिहासाचा मथितार्थ आम्हांस एका घरगुती नियमांत सांगतां येईल: डाव तळापर्यंत घालून ढवळावें, आणि मगच वाढावयास घ्यावें.